दशांश मंडळीला द्यावा की गोरगरिबांना? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) मी अकरा वर्षं खजिनदार आहे. रविवारी उपासना सुटली की आम्ही दोघं जण चटईवर बसून अर्पण मोजतो, आणि तेवढ्यात कोणी ना कोणी जवळ येऊन बसतं. 'भाऊ, एक विचारू का?' असं सुरू होतं आणि बहुतेक वेळा दशांशावर येऊन थांबतं. काही जण बांधावर विचारतात, काही लग्नाच्या मांडवात. तेच प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं माझी आहेत, मंडळीचा ठराव नव्हे.

दशांश म्हणजे काय? तो पैशातच द्यायचा असतो का?

दशांश म्हणजे दहावा हिस्सा. पवित्र शास्त्रात तो पहिल्यांदा उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात दिसतो. लढाईहून परतलेला अब्राहाम मलकीसदेक नावाच्या राजा-याजकाला दहावा भाग देतो, आणि तेव्हा मोशेचं नियमशास्त्र दिलेलं नव्हतं. पुढे मोशेच्या काळात नियम आला तो धान्यावर, झाडांच्या फळांवर आणि जनावरांवर. लेवीय पुस्तकाच्या २७व्या अध्यायात सांगितलंय की मेंढपाळाच्या काठीखालून जाणारं प्रत्येक दहावं जनावर परमेश्वराचं. वाड्याच्या दाराशी उभं राहून सकाळी शेळ्या मोजून सोडणाऱ्याला हे लगेच कळेल. दहावी शेळी मरतुकडी आली तरी तीच द्यायची आणि धष्टपुष्ट आली तरी तीच. अदलाबदल करायची नाही.

तेव्हा ज्वारी, मका, अंडी, कोंबडी घेऊन येणाऱ्यांनी संकोच करू नये. कापणीच्या सणाला आमच्याकडे दादर ज्वारीची पोती, केळीचे घड, भोपळे, मिरचीच्या पाट्या येतात. उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो आणि आलेली रक्कम त्याच दिवशी वहीत चढते.

नियमशास्त्राप्रमाणे हा दशांश कोणाला मिळत असे?

याचं उत्तर नीट समजलं तर पुढचे निम्मे प्रश्न सुटतात, म्हणून इथे जरा थांबतो.

गणना १८ प्रमाणे दशांश लेव्यांना, म्हणजे इस्राएलाच्या लेवी वंशातल्या लोकांना मिळे. बाकीच्या वंशांना जमीन वाटून दिली, लेव्यांना वाटा दिला नाही. त्यांनी सेवा करायची आणि दशांशावर जगायचं. आणि लेवीसुद्धा सुटले नव्हते. मिळालेल्या दशांशाचा दहावा भाग त्यांनी याजकांना द्यायचा होता. पाळकांनी (पास्टरांनी) दशांश द्यायचा का, असं विचारणाऱ्यांना मी हाच अध्याय दाखवतो.

अनुवाद १४ मध्ये चित्र वेगळं आहे. तिथे कुटुंबाने आपला दशांश घेऊन परमेश्वराने निवडलेल्या ठिकाणी जायचं आणि त्याच्यासमोर बसून खायचा, आनंद करायचा. गाव लांब असेल तर धान्य विकून पैसे गाठीला बांधून न्यायचे. आणि दर तिसऱ्या वर्षी तो दशांश गावाच्या वेशीतच साठवायचा. लेवी, उपरी, पोरका आणि विधवा यांनी येऊन पोटभर खायचा. यहुदी परंपरेत हे वेगवेगळे दशांश मानले गेले.

मला इथे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की लेवी आणि विधवा एकाच वाक्यात आहेत. देवाची सेवा करणारा आणि ज्याला कोणी नाही तो, दोघं एकाच ढिगातून खातात. मंडळी एका बाजूला आणि गरीब दुसऱ्या बाजूला, अशी फाळणी तिथे नाही. ती आपण केली.

मलाखी संदेष्टा म्हणतो, 'सगळा दशांश भांडारात आणा'. ते भांडार म्हणजे आपली मंडळीच ना?

प्रवचनात असंच सांगतात. पण मलाखीचं भांडार म्हणजे मंदिरातलं धान्याचं कोठार. त्याच काळातला नहेम्याचा तेरावा अध्याय वाचा. लेव्यांचा वाटा देणं लोकांनी बंद केलं म्हणून लेवी आणि गायक सेवा सोडून आपापल्या शेतात निघून गेले. मग नहेम्याने लोकांकडून धान्य, द्राक्षारस आणि तेल भांडारात आणवलं आणि वाटप करायला विश्वासू माणसं नेमली. म्हणजे भांडार वाटण्यासाठी होतं. आपली मंडळी भांडार म्हणवून घेत असेल तर तिच्या दारातून धान्य आत येतं तसं बाहेरही गेलं पाहिजे. मलाखीच्या त्याच तिसऱ्या अध्यायात, पाच वचनं आधी, मजुराची मजुरी अडवणाऱ्यांना आणि विधवा-पोरक्यांना छळणाऱ्यांना इशारा आहे. दहावं वचन वाचताना पाचवं वगळू नये.

नव्या करारात दशांशाची आज्ञा आहे का?

मंडळ्यांना 'दहावा भाग द्या' अशी आज्ञा प्रेषितांच्या एकाही पत्रात नाही. येशू मत्तय २३:२३ मध्ये पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश मोजणाऱ्या परूश्यांना म्हणतो की न्याय, दया आणि विश्वास तुम्ही सोडलात. ह्या गोष्टी करायच्या होत्या आणि दशांशही सोडायचा नव्हता. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला सांगतो की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुर करत किंवा भाग पडतं म्हणून देऊ नये; 'संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो'. कॅथोलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्यातही (कलम २२२) ठराविक टक्का नाही. चर्चच्या गरजा भागवणं आणि आपल्या मिळकतीतून गरिबांना मदत करणं, ही दोन्ही कर्तव्यं त्यात शेजारी शेजारी दिली आहेत.

मी स्वतः दहावा भाग देतो. तो मला बेडीसारखा वाटत नाही, मोजायला सोपं माप वाटतं. पण कोणी विसावा भाग देत असेल तर त्याला शापाची भीती घालणं मला मुळीच मान्य नाही.

पहिल्या काळातले ख्रिस्ती लोक काय करत?

दुसऱ्या शतकाच्या मध्यात, इ.स. १५५ च्या सुमारास, रोममध्ये हुतात्मा जस्टिनने उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय. ज्याला शक्य आहे तो स्वखुशीने देतो, जमलेलं पुढाऱ्याकडे ठेवतात, आणि तो त्यातून पोरक्यांना, विधवांना, आजाऱ्यांना, तुरुंगात असलेल्यांना आणि परगावाहून आलेल्यांना मदत करतो. त्या आरंभीच्या काळातल्याच शिकवणीच्या एका पुस्तिकेत म्हटलंय की पहिलं पीक संदेष्ट्यांना द्या, आणि तुमच्याकडे संदेष्टा नसेल तर गरिबांना द्या.

इ.स. ६०१ च्या सुमारास पोप ग्रेगरीने इंग्लंडमधल्या ऑगस्टिन या मिशनरीला लिहिलं की चर्चच्या उत्पन्नाचे चार भाग करायची रीत आहे: बिशप व पाहुणचार, इतर सेवक, गरीब, आणि चर्चची डागडुजी. चारातला एक अख्खा भाग गरिबांचा. दुर्दैवाने युरोपात हळूहळू दशांश सक्तीचा झाला. ५८५ मध्ये फ्रान्समधल्या माकोनच्या चर्च-परिषदेने तो न देणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा सांगितली, ७७९ मध्ये शार्लमेन राजाने त्याला राज्याच्या कायद्याचं बळ दिलं. शेतकऱ्यांना तो कर वाटू लागला आणि १७८९ मध्ये फ्रान्समध्ये क्रांती होताच लोकांनी तो रद्द करून टाकला.

मग मी माझा दशांश थेट एखाद्या गरीब कुटुंबाला दिला तर चालणार नाही का?

चालेल. देव तो परत पाठवणार नाही. पण मला विचाराल तर मोठा वाटा आधी आपल्या मंडळीत द्या, आणि हे का म्हणतो ते सांगतो.

थेट देणारा माणूस सहसा ओळखीच्याला देतो. जो दारात येऊन रडतो त्याला मिळतं. जो लाजेपोटी घरातच बसतो त्याला मिळत नाही. घेणारा मिंधा होतो. पुढे वाटेत भेटला की मान खाली घालतो, आणि कधी कधी देणाऱ्याच्या शेतात फुकट राबतोही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मंडळीकडून मदत गेली तर ती अमक्याची राहत नाही. दुसरं असं की एकट्याचे आठशे रुपये एका दवाखान्याच्या फेरीत संपतात, तीस घरांचे मिळून ऑपरेशन होतं.

पण हे सगळं तेव्हाच खरं, जेव्हा मंडळी गरिबांचा वाटा खरोखर काढते. आमच्याच मंडळीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी वर्षभर साठवलेल्या अर्पणातून आम्ही नवा स्पीकरचा संच घेतला. ठरावावर माझी सही आहे. त्याच महिन्यात आमच्यातल्या एका बाईने नवऱ्याच्या उपचारासाठी घरातली बैलजोडी विकली. आम्हाला कळलं तेव्हा दावणीला काही नव्हतं. तिने कधी तोंडातून शब्द काढला नाही. पुढच्या रविवारी त्याच स्पीकरवर 'एकमेकांची ओझी वाहा' हे वचन वाचलं गेलं आणि मला वर बघवेना.

त्यानंतर तुम्ही काय बदललंत? गरिबांसाठी किती काढावं?

तिसऱ्या वर्षाच्या दशांशावरून आम्ही ठरवलं की दर तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या रविवारचं सगळं अर्पण गरिबांच्या खात्यात जाईल. त्यातून पाळकांचा पगार नाही, रंगरंगोटी नाही, पाहुण्यांचं जेवणही नाही. तीन बहिणी आणि दोन भाऊ मिळून यादी ठरवतात. बहिणींना कोणाच्या घरी चूल पेटली नाही ते आधी कळतं. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकुर झाली तेव्हा सात माणसं नेमली होती, त्यावरून हे सुचलं. प्रत्येक मंडळीने हेच करावं असं नाही, पण ठरलेला वाटा असावा. 'उरलं तर देऊ' म्हणणाऱ्यांकडे उरत नाही.

पाळकांना पगार कशाला? ते देवाचं काम करतात.

मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको, हे अनुवाद २५ मधलं वचन पौलाने याच प्रश्नावर वापरलंय. ज्याने खळ्यावर बैल फिरवलेत त्याला समजावून सांगावं लागत नाही. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या डोंगरात एकेक पाळक तीन-तीन, चार-चार पाड्यांवर जातो. मोटारसायकलचं पेट्रोल, पावसाळ्यात निसटणारा रस्ता, रात्री-अपरात्री आजाऱ्यासाठी आलेलं बोलावणं, आणि घरी त्याचीही शाळेत जाणारी मुलं. सगळा दशांश बाहेर वाटला तर नहेम्याच्या काळासारखा आपला लेवीही शेतात निघून जाईल. पाळकाचं कुटुंब उपाशी ठेवून केलेलं दान मला दान वाटत नाही.

मंडळी हिशेब दाखवत नसेल तर?

मागा. नम्रपणे मागा, पण मागा. 'देवाच्या कामात हिशेब विचारतात का?' असं कोणी म्हटलं तर २ करिंथ ८:२०-२१ उघडा. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमलेली मोठी रक्कम नेताना पौल सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतो, कोणी बोट दाखवू नये म्हणून. आणि म्हणतो की प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगलं ते आम्ही करतो. पौलाला जे गरजेचं वाटलं ते आपल्या वडीलमंडळाला अपमानाचं वाटू नये.

काही जण २ राजे १२ दाखवतात. तिथे मंदिराच्या डागडुजीची रक्कम ज्यांच्या हाती दिली त्यांच्याकडे हिशेब मागितला नाही, कारण ते सचोटीने वागत. पण त्याच अध्यायात थोडं वर काय आहे? याजक पैसे घेत राहिले आणि मंदिराची डागडुजी झालीच नाही. म्हणून यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून मोजत. दोघं! आम्हीही अर्पण एकट्याने कधी मोजत नाही. मोजून झालं की वहीत दोन सह्या होतात, सोमवारी रक्कम बँकेत भरली जाते आणि दर महिन्याचा जमाखर्च दाराशी चिकटवतो.

शिवाय तुमची मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे तिचे हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी तिचा संबंध येतो. वर्षानुवर्षं मागूनही कोणी हिशेब दाखवत नसेल तर तुमचा दशांश थेट विधवा-पोरक्यांकडे नेण्यात मला काही चूक दिसत नाही. मात्र उपासनेला जाणं सोडू नका.

ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून उचल मिळाली. त्यावर दशांश द्यायचा का?

नाही. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा भागातून दिवाळीनंतर कितीतरी जोडपी गुजरातेत बारडोली, सुरतेकडे कोयता घेऊन जातात. निघण्याआधी मिळते ती उचल म्हणजे कर्ज. ती फिटेपर्यंत मजुरी हातात येत नाही. कर्जाचा दहावा भाग देवाला देणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातलं कणीस तोडून अर्पण करणं. परत आल्यावर हिशेब होऊन हातात काही उरलं तर त्यातून द्या. आणि मी उलटही म्हणेन: जी म्हातारी माणसं आणि मुलं मागे पाड्यावर राहतात, त्या चार-पाच महिन्यांत मंडळीचा दशांश त्यांच्याकडे गेला पाहिजे.

कापसाचे दोन लाख आले. दशांश दोन लाखांवर की खर्च जाऊन?

शास्त्रात शेतातल्या उत्पन्नाचा दहावा भाग आहे, पण तेव्हाचा शेतकरी घरचंच बी पेरायचा. आज बियाणं, खत, फवारणी दुकानदाराकडून उधारीवर येतं, वेचणीची मजुरी वेगळी. दुकानदाराचे आणि मजुरांचे पैसे आधी चुकते करा. मजुरी थकवून दिलेला दशांश देवापुढे ठेवण्यासारखा नाही. मग उरलेल्यावर दहावा भाग काढा. काहीच उरलं नाही अशा वर्षी मूठभर ज्वारी आणा, कोणी विचारणार नाही.

आणि सरवा विसरू नका. लेवीय १९ सांगतं की शेताच्या कडेपर्यंत कापू नको, पडलेलं वेचू नको, ते गरीब आणि उपऱ्यासाठी राहू दे. रूथ हाच सरवा वेचत होती. भुईमूग काढल्यावर वेचायला आलेल्या बायांना हाकलू नका. तो दशांशात धरायचा नसतो, तो मुळातच त्यांचा.

आईचं औषधपाणी चालू आहे. दशांश द्यायचा की औषध आणायचं?

औषध आणा. मार्कच्या सातव्या अध्यायात आई-बापाच्या वाट्याचं 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेलं आहे असं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने ढोंगी म्हटलंय. स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणारा अविश्वासी माणसापेक्षा वाईट, हे १ तीमथ्य ५:८.

ख्रिस्ती नसलेल्या संस्थेला किंवा माणसाला दशांशातून द्यावं का?

द्यावं. अनुवाद १४ मधल्या यादीत उपरी आहेच, आणि तो इस्राएली नव्हता. गलतीकरांस ६:१० म्हणतं की सर्वांचं बरं करा, आणि विशेषतः विश्वासाच्या घराण्यातल्यांचं. म्हणजे घरापासून सुरुवात, पण घरापाशी थांबणं नाही. चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयात बाळंतपणाला येणाऱ्या बाईला कोणी जात-धर्म विचारत नाही. आपल्या पैशानेही विचारू नये. मदतीच्या बदल्यात कोणी मंडळीत यावं अशी अपेक्षा ठेवणं मात्र पाप आहे. गरजेच्या माणसापुढे सौदा मांडायचा नसतो.

मोबाईलवर एक प्रचारक सांगतात, 'बीज पेरा, शंभरपट मिळेल' आणि क्यूआर कोड दाखवतात. त्यांना पाठवू का?

पाठवू नका. तुमच्या घरी मयत झाली तर ते खांदा द्यायला येणार नाहीत. तुमची मंडळी येईल. आमच्या एका तरुणाने मुलीच्या फीसाठी ठेवलेले पैसे असे पाठवले आणि सहा महिने शंभरपटीची वाट पाहिली. देव बांधून घेतल्यासारखा व्याजाने परत करतो, असं शिकवणं म्हणजे त्याला सावकार करणं.

आयकरात सवलत मिळते का?

फक्त एका धार्मिक समाजासाठी चालणाऱ्या संस्थेला दिलेल्या देणगीवर ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत सहसा मिळत नाही, त्यामुळे मंडळीच्या पावतीवर ती धरू नका. ती मान्यता असलेल्या सेवाभावी संस्थेची गोष्ट वेगळी, तिथेही दोन हजारांवरची रोख देणगी धरत नाहीत. सवलतीवरून देण्याची जागा ठरवू नये.

गरीब विधवेकडून दशांश घ्यावा का?

हा प्रश्न मला मीच विचारत आलोय. आमच्यातली एक म्हातारी नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जाते. तिची नोट चारपदरी घडी घालून येते आणि उलगडली की ठसका लागतो, इतका तिखटाचा वास तिच्यात मुरलेला असतो. मार्कमधल्या विधवेने दोन टोल्या (अगदी हलकी नाणी) टाकल्या आणि येशूने तिला सगळ्यांपेक्षा मोठी देणारी म्हटलं. पण त्याच्या आधीचंच वचन आहे, विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल. मोजायला बसलं की मला दोन्ही वचनं एकदम आठवतात.

एकदा मी नोट तिला परत द्यायला गेलो. म्हटलं, आजी, राहू द्या. तिने माझा हात बाजूला केला. 'भाऊ, मन्हापासे इतलंच शे. पण ते मन्हं शे.' मी वहीत तिचं नाव लिहिलं, आणि त्याच आठवड्यात बहिणींनी तिचं नाव दुसऱ्या यादीतही घातलं. पहिल्या वाटपात तिच्या घरी वीस किलो ज्वारी पोचली.

पुढच्या रविवारी ती डोक्यावर पदर घेऊन आली, पदराखाली स्टीलचा डबा होता. आत दोन किलो ज्वारी, पाखडून, निवडून.